जो कुठे बसलाय? सिनात्राचं एकच गाणं, ४६ वर्षं

प्रश्न असा आहे: “अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचं ‘वन फॉर माय बेबी’ मी १९४७, १९५८ आणि १९९३ असं तीन वेळचं ऐकलं. माणूस तोच, गाणं तेच, पण तिन्ही वेगळीच वाटतात. यातलं खरं कुठलं? वय झालं, आवाज उतरला म्हणून फरक पडतो, की गायक मुद्दाम बदलतो? आणि मला स्वतःला हे गाणं गायचं आहे, तर कुठलं समोर ठेवू?”

मी तीसेक वर्षं मुंबईत हॉटेलांच्या लाऊंजमध्ये आणि कार्यक्रमांत गायकांना पियानोची साथ करत आलोय. हे गाणं मी अनेकांबरोबर वाजवलंय, चांगलं वाजवलंय आणि एकदा फार वाईटही वाजवलंय. त्यामुळे उत्तर साथीदाराच्या खुर्चीवरून देतो. तिथून गायकाचा श्वास दिसतो.

आधी गाणं काय आहे ते नीट बघू, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. चाल हॅरल्ड आर्लेनची, शब्द जॉनी मर्सरचे, साल १९४३. ‘द स्कायज द लिमिट’ या चित्रपटात फ्रेड अस्टेअरने ते पहिल्यांदा गायलं आणि त्याच्यावर नाचताना बारमधले ग्लास फोडले. प्रसंग साधा आहे. पहाटेचे पावणेतीन वाजलेत, बार रिकामा आहे. आत दोघंच: एक गिऱ्हाईक आणि काउंटरमागचा बारवाला, नाव ‘जो’. गिऱ्हाईक म्हणतं, तुला एक गोष्ट सांगायची आहे. मग ते ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकायला सांगतं, आपण मनाने कवी आहोत म्हणतं, आणखी एक पेला भरायला लावतं.

आता हे लक्षात घ्या की ती गोष्ट तो सांगतच नाही. शेवटपर्यंत नाही. ती कोण होती, काय झालं, चूक कुणाची, यातलं अक्षरही गाण्यात नाही. सांगण्यासारखं पुष्कळ आहे पण काही रीत पाळावी लागते, असं म्हणून तो गप्प बसतो. मर्सरने मधोमध एक रिकामी जागा सोडली आहे आणि गायकाने ती आवाजाने भरायची आहे. ज्या गाण्यात सगळं सांगितलेलं असतं ते तुम्ही तिसाव्या वर्षी आणि सत्तराव्या वर्षी जवळपास सारखंच गाऊ शकता. इथे ते जमत नाही. रिकाम्या जागेत दर वेळी जे तुमच्याकडे असेल तेच पडतं.

बांधणीही तशीच आहे. त्या काळातलं साधारण गाणं ३२ बारांत (बार म्हणजे इथे तालाचं एक माप) संपायचं. आर्लेनने या गाण्याचे ५८ मोजले होते, शिवाय मधेच पट्टी वर सरकते. तो स्वतः याला भटकणारं गाणं म्हणायचा. प्यायलेला माणूस जसा एका विषयावरून दुसऱ्यावर जातो आणि परत तिथेच येतो, तशी ही चाल जाते. घाईत गायलं तर ते नुसतंच लांबलेलं वाटतं.

आता सिनात्रा. १९४७ च्या ऑगस्टमध्ये कोलंबिया कंपनीसाठी त्याने हे पहिल्यांदा मुद्रित केलं, अरेंजर (वाद्यमेळाची रचना करणारा) अ‍ॅक्सेल स्टॉर्डाल. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये असताना डॉर्सी ट्रॉम्बोनवर श्वास न तोडता लांबच लांब ओळ कशी ओढतो हे त्याने शेजारी बसून बघितलं होतं आणि तोच गुण गळ्यात आणला होता. १९४७ च्या मुद्रणात तो गुण स्पष्ट ऐकू येतो. ओळी एकमेकींत गुंफलेल्या, सूर स्वच्छ, कुठे खडा नाही. सगळं तीन मिनिटांच्या आसपास, कारण ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. या तीन मिनिटांना कमी लेखू नका. ५८ बारांचं गाणं तेवढ्यात बसवायचं म्हणजे लय चालती ठेवावी लागते, आणि चालत्या लयीत गप्प बसायला वेळ मिळत नाही. पण माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. या मुद्रणात तो ‘जो’बरोबर बोलतच नाही. तो रेडिओजवळ बसलेल्या हजारो लोकांना गाणं ऐकवतोय. फार सुंदर ऐकवतोय, पण जो तिथे नाही.

१९५४ साली ‘यंग अ‍ॅट हार्ट’ या चित्रपटासाठी त्याने ते पुन्हा गायलं. त्यात तो अपयशी संगीतकार आहे, बारमधल्या पियानोवर गाऊन पोट भरणारा. लोक आपापलं बोलतायत, गाण्याकडे कुणाचं लक्ष नाही. मला हे मुद्रण वाटेतला एक थांबा म्हणून महत्त्वाचं वाटतं. मधल्या सात वर्षांत त्याच्यावर बरंच काही गुदरलं होतं. १९५० साली एका कार्यक्रमात घशात रक्तस्राव होऊन आवाज बंद पडला. १९५२ साली कोलंबियाने करार पुढे चालू ठेवला नाही. अभिनेत्री एव्हा गार्डनरशी केलेलं लग्न दोन वर्षांत फिसकटलं. १९५३ साली कॅपिटल कंपनीने त्याला घेतलं. (याच कॅपिटलच्या १९४२ सालच्या संस्थापकांत जॉनी मर्सर होता. गाणं एका अर्थी आपल्याच घरी परतलं.) चित्रपटात त्याला पहिल्यांदाच या गाण्यासाठी एक खोली मिळाली, धुराची आणि गोंगाटाची. तिथून तो ‘गाणं ऐकवणं’ सोडायला लागला.

आता १९५८. इथे मी रेंगाळणार आहे.

‘ओन्ली द लोनली’ या एलपीसाठी (जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीसाठी) नेल्सन रिडलने अरेंजमेंट केली. रिडलची मुलगी आणि आई त्याच सुमारास गेल्या होत्या. त्याच्या स्ट्रिंग्जमध्ये, म्हणजे व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांत, जो अंधार आहे तो कुठून आला हे वेगळं सांगायला नको. पण या गाण्यात रिडलने सगळ्यात मोठं काम केलं ते मागे सरकण्याचं. पुढे आहे तो पियानो, बिल मिलरचा. मिलर १९५१ पासून सिनात्राबरोबर होता आणि पुढे अनेक दशकं राहिला. १९९८ साली सिनात्राच्या अंत्यविधीलाही मिलरनेच हे गाणं वाजवलं.

२४ जून १९५८ च्या रात्री या दोघांनी नुसता आवाज आणि पियानो असं एक चाचणी मुद्रण केलं. दुसऱ्या दिवशी, २५ जूनला, वाद्यवृंदासह अंतिम मुद्रण झालं. सुदैवाने दोन्ही उपलब्ध आहेत. तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर या दोन मुद्रणांत आहे, कारण मधे एकच रात्र गेली आहे. वय तेच, गळा तोच, पियानोवालाही तोच. तरी गाणं वेगळं आहे. म्हणजे ‘आवाज उतरला म्हणून बदललं’ हे कारण इथे टिकत नाही.

२४ चं मुद्रण ऐकताना मिलरकडे लक्ष द्या. सावकाश झुलणारा, किंचित लंगडणारा ठेका, जसा पहाटेपर्यंत वाजवून हात दमलेल्या बार-पियानिस्टचा असतो. तो गायकाला धरून चालत नाही. खोलीतल्या घड्याळासारखा तो आपला चालू असतो, आणि सिनात्रा त्याच्यावर शब्द ठेवतो ते मात्रेवर नाही, मात्रेच्या जरासे मागे. मागे राहणं आणि लय सोडणं यात फरक आहे, आणि नवशिके इथेच फसतात. सिनात्राची मात्रा कधी हरवत नाही. तो उशिरा येतो आणि वेळेवर निघतो. जॅझ गायिका बिली हॉलिडेला १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ऐकल्याचं तो सांगायचा, आणि १९५८ मध्येच त्याने जाहीरपणे म्हटलं होतं की आपल्यावर सगळ्यात मोठा प्रभाव तिचाच. हे मागे रेलणं तिच्याकडचं आहे.

दुसऱ्या दिवशीच्या मुद्रणात स्ट्रिंग्ज येतात, पण इतक्या लांबून की पहिल्यांदा ऐकताना त्या कधी सुरू झाल्या तेही कळत नाही. नंतर एक ऑल्टो सॅक्सोफोन येतो, कोपऱ्यात उरलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकासारखा. आवाज आदल्या रात्रीपेक्षा अधिक आवरलेला आहे. मोकळेपणा थोडा कमी झालाय, पण नेम अचूक. गाणं तीन मिनिटांवरून चार मिनिटांच्या पुढे गेलंय, कारण आता एलपी आहे आणि गप्प बसायला जागा आहे.

एक जागा जवळून दाखवतो. गाण्याच्या शेवटाकडे तो जोला म्हणतो, तुला बंद करायची घाई झाली असेल, ऐकून घेतलंस, आभार. माणूस उठायच्या बेतात आहे. कुठल्याही दुसऱ्या कवीने गाणं इथे संपवलं असतं. मर्सर संपवत नाही. आभार मानून झाल्यावर, कोट घालता घालता म्हणावं तसं, आतलं उसळून वर येतं: ही आग बुडवायला हवी, नाहीतर स्फोट होईल. बहुतेक गायक ‘स्फोट’ या शब्दावर सगळा जोर काढतात, कारण चालही तिथे बोलावते. १९५८ च्या मुद्रणात आवाज चढतो, पण क्षणभरच. अनोळखी माणसासमोर आपण जास्त बोललो हे उमगल्यासारखा तो लगेच खाली उतरतो. त्यानंतर शेवटचा पेला मागतो तो जवळजवळ बोलण्याच्या आवाजात. आणि मग लांब रस्त्याबद्दलचे शब्द घोटाळत, परत परत म्हणत आवाज विझत जातो. दार उघडून बाहेर पडणारा माणूस दिसतो मला तिथे, दर वेळी.

तर १९५८ मध्ये बदललं काय? जो समोर येऊन उभा राहिला. काउंटरची रुंदी दोन-अडीच हात, गाणं तेवढ्या अंतरावर चाललंय. आपल्याकडे ज्यांनी जुनी नाटकं बघितली आहेत त्यांना हे लगेच कळेल. नाट्यपद शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी असतं, भावगीत आकाशवाणीच्या माइकपासून वीतभर अंतरावर जन्माला आलं, आणि बैठकीच्या लावणीत तर समोर बसलेल्याच्या डोळ्यांत बघून अदा करायची असते. गळा तोच असला तरी अंतर बदललं की सगळं बदलतं. सिनात्राला माइक हे आपलं वाद्य आहे हे फार लवकर कळलं होतं. पण या गाण्यात त्या वाद्याचा पल्ला किती ठेवायचा हे कळायला त्याला अकरा वर्षं लागली.

माझं वाईट वाजवणं इथलंच. मी विशीत होतो. गिरगावातल्या घरात वडिलांच्या पेटीवर नाट्यसंगीत शिकलो, आणि पुढे धोबी तलावच्या एका गोवेकर मास्तरांकडे पियानो. एका मोठ्या हॉटेलात साथीला बसायची संधी मिळाली. गाणारी बाई माझ्या दुप्पट वयाची, मुरलेली. या गाण्यात ती जिथे जिथे थांबत होती तिथे तिथे मी फिलर, म्हणजे मधली जागा भरणारे सूर, भरत गेलो. हात चालत होता, दाखवायची हौस होती. नाट्यपदाच्या साथीत गायकाने सोडलेली जागा पेटीने भरायची असते, तीच सवय. गाणं संपल्यावर ती पियानोवर हात टेकून खालच्या आवाजात म्हणाली, “बाळा, मी गप्प होते तेव्हा तो ऐकत होता. तू मधे का बोललास?” मला तेव्हा ‘तो’ म्हणजे कोण हे कळलंसुद्धा नाही. काही वर्षांनी २४ जूनचं ते मुद्रण हाती लागलं आणि मिलर किती ठिकाणी काहीच करत नाही हे मोजत बसलो, तेव्हा कळलं. तिची माफी मागायची राहून गेली.

पुढच्या मुद्रणांवरून लवकर जातो. १९६२ साली पॅरिसच्या लिडोमध्ये सहा वादकांच्या छोट्या संचाबरोबर त्याने ते गायलं. संच लहान असल्यामुळे चांगलं, पण थकवा जाणवतो. १९६६ साली लास व्हेगासच्या सँड्स हॉटेलात काउंट बेसीचा अख्खा जॅझ बँड मागे असताना या गाण्यापुरता पुन्हा मिलरचाच पियानो पुढे आला. सिनात्रा ५० वर्षांचा झाला होता आणि आता हे त्याचं ‘ठरलेलं’ गाणं होतं. लोकांना प्रत्येक शब्द पाठ. अशा वेळी गायकाचं काम अवघड होतं, कारण आता जोला गोष्ट आधीच माहीत आहे. सँड्सच्या मुद्रणात तो ती अडचण अभिनयाने सोडवतो. थोडा जास्त प्यायलेला, थोडा जास्त सैल. मला त्यात रंगमंच दिसतो, बार दिसत नाही. माझ्याहून चांगले कान असलेली काही माणसं याच मुद्रणावर जीव टाकतात, तेव्हा तुम्ही स्वतः ऐकून ठरवा.

आणि १९९३. ‘ड्युएट्स’ हा अल्बम, वय ७७. निर्माता फिल रामोन. यातल्या जोडगायकांनी आपापले भाग वेगळ्या वेळी, वेगळ्या ठिकाणी मुद्रित केले. म्हणजे जोडीने गाणं असूनही समोर कुणी नाही. या गाण्याला जोड आहे केनी जीच्या सॅक्सोफोनची, आणि आधी ‘ऑल द वे’ हे दुसरं गाणं जोडून लावलंय. स्पष्ट सांगतो, मला ती सजावट नको वाटते. १९५८ मध्ये कोपऱ्यात बसलेला सॅक्सोफोन इथे काउंटरवर चढून बसलाय. पण तो कानाआड करून नुसता गळा ऐका. ओळ आता लांबत नाही, दोन-तीन शब्दांनंतर श्वास लागतो. तरुणपणी डॉर्सीकडून घेतलेली सगळी कमाई संपली आहे. अशा वेळी बहुतेक गायक जुनी ओळ ओढायचा प्रयत्न करतात आणि केविलवाणे होतात. हा तसं करत नाही. ओळ तुटणारच असेल तर ती कुठे तोडायची हे तो ठरवतो. वाक्याचा अर्थ जिथे दुभंगतो बरोबर तिथे. त्यामुळे श्वास अपुरा पडल्यासारखा न वाटता माणूस आठवत आठवत बोलतोय असं वाटतं. उतरलेल्या गळ्यानेही केलेली ही निवडच आहे. आणि या वेळी जो? मला वाटतं तो केव्हाच घरी गेलाय. रिकाम्या बारमध्ये म्हातारा एकटाच बोलतोय.

तुम्ही विचारलंय, खरं कुठलं. माझ्यासाठी २५ जून १९५८. पण शिकायचं असेल तर २४ जून, कारण तिथे शिवण दिसते. १९४७ चं खोटं नाही. ३१ वर्षांच्या माणसाने इतक्या निर्मळ गळ्याने उगाच खरवडून गायलं असतं तर ते खोटं झालं असतं. लोक चरित्र हातात धरून गाणी ऐकतात, एव्हा गार्डनर गेली म्हणून गाण्यात दुःख आलं म्हणतात. दुःख पुष्कळांना होतं. त्यातल्या फार थोड्यांना मात्रेच्या किती मागे राहायचं हे सुचतं.

आता तुमच्या गाण्याबद्दल. माझ्याकडे एक मुलगी हे गाणं बसवायला यायची. तिने १९५८ च्या मुद्रणातला प्रत्येक उसासा जसाच्या तसा उचलला होता. हुबेहूब, आणि ऐकवत नव्हतं. मी तिला विचारलं, “जो कुठे बसलाय?” ती गोंधळली. “सर, प्रेक्षकांत?” मी पियानोच्या टोकाला एक खुर्ची ठेवली, चहा घेऊन आलेल्या आमच्या पोऱ्याला तिथे बसवलं आणि म्हटलं, याला सांग. पहिल्या दोन ओळी ती लाजली. तिसऱ्या ओळीला पोऱ्याने मान डोलावली आणि तिची लय आपोआप खाली आली. उसासे गळून पडले. तिने मधेच एका ठिकाणी थांबून त्याच्याकडे बघितलं, जिथे सिनात्रा कधीही थांबलेला नाही. ती जागा आम्ही तशीच ठेवली.

तेव्हा कुठलंच मुद्रण समोर ठेवू नका. आठवडाभर नुसते शब्द वाचा, मोठ्याने, गाण्याशिवाय. पट्टी तुमच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा दोन सूर खाली घ्या, कारण मधे ती वर सरकते आणि तिथे ओरडावं लागता कामा नये. लय इतकी संथ धरा की सुरुवातीला भीती वाटेल, मग त्याहून किंचित उचला. आणि साथीला जो कोणी बसेल त्याला आधीच सांगून ठेवा: जोचे आभार मानून झाल्यावर, आग उसळण्याआधी एक बार येतो, तिथे हात वर घ्यायचे, काहीही वाजवायचं नाही.